खुशालरावांची जरब

साल दोन हजार बावीस. करोनात अडकलेली लग्नं त्या वर्षी एकदम सुटली आणि अमरावतीतल्या प्रत्येक लॉनवर रोज कोणी ना कोणी गॉगल लावून घोडीवर चढू लागला. ही हकीकत त्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नाच्या आगेमागेची आहे.

माझे धाकटे दीर खुशालराव वरातीला घोड्या देतात. बडनेऱ्याच्या रस्त्याला, आमच्या घरामागेच तबेला आहे. "आमच्या सात पिढ्या घोड्याच्या पाठीवर गेल्या," असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. सात पिढ्यांचं मला ठाऊक नाही. एक पिढी मी पाहिली आहे, ती म्हणजे माझे सासरे. ते घोड्याच्या पाठीवर कधीच बसले नाहीत, टांगा हाकत. स्टेशनावरून अंबादेवीपर्यंत सवाऱ्या नेत. शेंदूरजनाघाटहून मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा स्टेशनापासून घरापर्यंत त्यांच्याच टांग्यातून. त्यांच्याकडे पितळी मुठीचा चाबूक होता, पण त्याची दांडी ते फिरत्या चाकाच्या आऱ्यांना लावत. टर्रर्र असा आवाज झाला की घोडी कान टवकारून चाल धरी. संध्याकाळी टांगा सुटला की तिला हातावर गूळ मिळे. त्या चाबकाचा फटका जनावराच्या अंगावर पडलेला मला आठवत नाही. पुढे चाबूक खुशालरावांकडे आला. गुळाचं मात्र ते विसरले.

खुशालरावांचा आवडता शब्द जरब. "जनावराले जरब पायजे, वयनी. माह्या नजरेनं घोडी थरथरते."

थरथरत असे, हे खरं आहे. थरथरूनच त्यांची पांढरी घोडी रेशमी बिघडली. त्या उन्हाळ्यात चांदूर रेल्वेच्या एका वरातीत बँडवाल्याने तिच्या कानाशी कर्णा फुंकला. ती दचकली. खुशालरावांनी चाबूक ओढला आणि रेशमीने नवरदेवाला जनरेटरच्या गाडीवर टाकलं. तेव्हापासून बँडचा आवाज आला की ती पुढचे पाय उचलून उभी राही. खुशालरावांनी तिला आणखी जरब दाखवली, तर ती खोगीरही घेईना. मग त्यांनी अकोल्याकडच्या एका वीटभट्टीवाल्याशी तिला विकायचं बोलणं करून टाकलं. भट्टीवर विटा वाहणाऱ्या घोड्यांचं काय होतं ते मी लिहीत नाही. त्या रस्त्याने जाताना कोणीही पाहावं.

आडवी आली ती त्यांची सून रागिणी. माहेर अकोल्याचं. तिचा नवरा अंकुर हा माझा पुतण्या, पण बापासमोर तो खोकलासुद्धा विचारून खोकतो, तेव्हा त्याचं जास्त काही सांगण्यासारखं नाही.

"मामाजी, मले तुळशीच्या लग्नापर्यंत रेशमी द्या," रागिणी म्हणाली. "मी शिकवतो तिले. चाबूक नाई, काई नाई."

तिने मुठीत मावेल अशी एक प्लास्टिकची डबी दाखवली. दाबली की टक् असा आवाज येई. तिला क्लिकर म्हणतात. बाहेरच्या देशांत याच्यावर घोडे शिकवतात, तिने मोबाइलवर पाहून पाहून ते उचललं होतं.

"अन् चाबकाच्या जागी काय?"

"गाजर."

खुशालराव असे हसले की चहा बशीत सांडला. "घोडीले गाजर! उद्या म्हनशीन, मामाजीले बी गाजर द्या."

"तुमाले द्याच लागते," मी म्हटलं. "पोह्याची बशी याले उशीर झाला तं तुमी बी दोन पायावर उभे राह्यता."

अंकुर हसला आणि लगेच सांडलेला चहा पुसू लागला. खुशालरावांनी अट घातली. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात शांतपणे गेली तर घोडी राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीची गाडी दारात.

मलाही आधी तो पोरखेळच वाटला. मी तबेल्याशी खुर्ची टाकून बसत असे. रागिणी काठीच्या टोकाला चिंधी बांधून रेशमीपुढे धरी. घोडीने नाक लावलं की टक्, आणि लगेच गाजराचा तुकडा. मग मोबाइलवर बँड, अगदी हळू. रेशमीने मान खाली सोडली की टक्. दुसऱ्या दिवशी आवाज थोडा मोठा. घाबरली तर रागिणी रागावत नसे, आवाज कमी करी आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे पुढे अंकुर परात बडवत तबेल्याभोवती फिरू लागला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात धाडसाचं काम.

"म्हणजे हा तुहा हुकूमच झाला की," मी एकदा म्हटलं.

"नाई, मोठी आई. हुकूम नाई. तू आता केलं ते बराबर केलं, खाऊ येऊन राह्यला, एवढंच तिले कळते. म्हनून वाजवलं की द्याच लागते. फसवलं तं तिचा भरोसा गेला."

मला सासऱ्यांचं चाक आठवलं आणि संध्याकाळचा गूळ. मग मी पोरखेळ म्हणायचं सोडलं.

पहिली वरात शेंदूरजनाघाटच्या वामनरावांच्या मुलाची, शुभमची निघाली. संत्र्याचे मोठे बागायतदार, आणि माझ्या माहेरच्या नात्यातले. लग्न अमरावतीच्याच एका लॉनवर. शुभमची बहीण सीमा भिजवलेल्या चण्याच्या डाळीचं ताट घेऊन उभी होती. आमच्याकडे करवलीने घोडीला डाळ चारल्याशिवाय वरात हलत नाही. रेशमीने डाळ खाल्ली, शुभमला पाठीवर घेतलं, बँड सुरू झाला. ती मान खाली सोडून उभी राहिली. रागिणीने टक् केलं, गाजर दिलं.

इथे खुशालराव पुढे झाले.

"सोड लगाम. वरातीत बाई लगाम धरते का कुठं? लोक काय म्हनतीन? अन् ते डबी दे इकडं."

"मामाजी, वाजवलं की द्या लागते, बरं का," म्हणत तिने गाजरं त्यांच्या कोटाच्या खिशात घातली.

"मले नको शिकवू. टीव्हीचा रिमोट काय कमी वापरला म्या?"

त्यांची समजूत खरोखर तीच होती. बटण दाबलं की घोडी चालू, बटण दाबलं की बंद. वरात निघाली. खुशालराव फेटा सावरत, चार लोकांकडे पाहत, टक् टक् टक् करत चालले. रेशमी प्रत्येक आवाजाला त्यांच्याकडे वळून पाही. ते काही देईनात. भर वरातीत खिशातून गाजर काढलं तर जरबेचं काय राहणार?

बिचारीने तिला येत होतं ते सगळं करून पाहिलं. मान खाली घातली. त्यांच्या हाताला नाक लावलं. शेवटी भर चौकात खांबासारखी उभी राहिली, कारण उभं राहण्याचे तिला सगळ्यात जास्त तुकडे मिळाले होते. मागून बँड येऊन थडकला. वर ड्रोन घोंघावत होता. खुशालराव टक् टक् करत सुटले, आणि रेशमीने सरळ त्यांचा खिसा दातात धरून फाडला. गाजरं रस्त्यावर घरंगळली.

"खुशालराव," वामनराव म्हणाले, "हे तुमची जरब का? हा तं भाजीबाजार निंगाला!"

सगळी वरात हसली. बँडवाले वाजवायचे थांबून हसले. खुशालरावांचं तोंड लाल झालं आणि त्यांनी कमरेचा चाबूक काढला. रेशमीचे कान मागे गेले, पुढचा पाय उचलला गेला. वर शुभम "पप्पा, पप्पा" करू लागला.

मी जवळच होते. मी चाबकाची मूठ धरली.

"हा माह्या सासऱ्याचा हाय. द्या इकडं."

"वयनी, लोक पाहून राह्यले."

"म्हनूनच द्या."

चारचौघांत थोरल्या भावजयीशी ओढाओढ करण्याइतकी हिंमत त्यांच्यात नव्हती. चाबूक माझ्या हातात आला. तोवर रागिणीने सासऱ्यांच्या मुठीतून डबी काढून घेतली होती आणि सीमाच्या हातातलं डाळीचं ताट. रेशमीचा पाय खाली आला, टक्, मूठभर डाळ. मान खाली आली, टक्, आणखी डाळ. मग रागिणीने लगाम धरला आणि ती वरातीच्या पुढे चालू लागली. घोडी तिच्या खांद्याशी नाक ठेवून बँडच्या कल्लोळातून मांडवापर्यंत गेली. खुशालराव फाटक्या खिशावर हात ठेवून मागून आले.

घोडी जिंकली होती. पण शब्द पाळायला माणूस लागतो. "तिनं माही इज्जत घालवली," म्हणत त्यांनी दुसऱ्या सकाळी भट्टीची गाडी बोलावलीच. रागिणी रात्रभर रडली असावी, डोळे सुजलेले होते.

"चढव तिले गाडीत," त्यांनी फर्मावलं.

"माह्याकडं कुठं जरब हाय, मामाजी?" ती ओट्यावरून उठली नाही. "तुमीच चढवा."

खुशालरावांनी लगाम ओढला. डोळे वटारले. शेवटी, मला सांगतानाही हसू येतं, त्यांनी सुनेची ओट्यावरची डबी उचलली आणि टक् टक् करू लागले. रेशमीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शेपटी त्यांच्याकडे करून उभी राहिली. चाबूक माझ्या पेटीत होता. अंकुरला मदतीला हाक मारली, तर तो जन्मात पहिल्यांदा "नाई" म्हणाला आणि आपल्याच आवाजाने दचकला.

भट्टीवाल्याने बराच वेळ पाहिलं. मग गाडीचं फाळकं लावून टाकलं. "काका, हे तुमचंच आयकत नाई, तं भट्टीवर कोनाचं आयकन? मले नको."

वामनरावांनी त्याच हंगामात पुतण्याच्या लग्नाला रेशमी मागितली, लगाम सूनबाईच्या हाती या बोलीवर. गिऱ्हाईक जाईल म्हणून खुशालराव निमूट हो म्हणाले. आता ते सगळीकडे सांगतात की ही पद्धत त्यांच्या सात पिढ्यांची आहे. रागिणी आणि अंकुर चिखलदऱ्याला राहायला गेले, तिथले पर्यटकांचे घोडे ती गाजरावर शिकवते, आणि अंकुर बापाला न विचारता खोकतो. रेशमी त्यांच्याबरोबर गेली, वरातीतून सुटली. शुभमला मुलगी झाली, तो घोडीच्या जवळ अजून जात नाही. चाबूक माझ्याकडेच आहे. उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की मी त्याची दांडी खाटेच्या पायावर वाजवते, कावळे उडतात. सासऱ्यांच्या टांग्याचा तो टर्रर्र आवाज मात्र त्यातून काही येत नाही. त्याला फिरतं चाक लागतं.