सामाईक म्हणजे बेवारस नव्हे

मी एक जुनी फाईल आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, बेवारस मुळीच नाही! कळमनुरीच्या बस स्टँडसमोर उझ्माचं टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या संगणकात माझा मुक्काम. मला कोणी उघडत नाही, माझं नावही कुणाला ठाऊक नाही. पण मराठी टाइप होताना अर्धं अक्षर पुढच्या अक्षराला जोडते ती मी. 'र'चा रफार डोक्यावर चढवते तीही मीच.

लग्नपत्रिकांच्या प्रोग्रामबरोबर मी इथे आले. "काय सुबक अक्षर आहे!" असं लोक म्हणायचे, पण कौतुक व्हायचं छपाईचं. पुढे उझ्माच्या भावाने, आसिफने, अर्ज टाइप करायचा दुसरा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून तसाच उचलून टाकला. रीतसर बसवलाच नाही. तोही माझ्याच जिवावर चालू लागला, पण संगणकाच्या नोंदीत त्याचं नाव काही चढलं नाही. राबायचं दोघांसाठी आणि नोंद एकाचीच! त्याचा मला अजून राग येतो.

परवा संगणक फारच रेंगाळू लागला. पत्रिका आता सगळे मोबाइलवरच बनवतात, म्हणून उझ्माने तो जुना प्रोग्राम काढायला घेतला. समोर पार्वतीबाई बसल्या होत्या. शिधापत्रिकेवर त्यांचं नाव 'पारवती' पडलेलं, आधार कार्डावर 'पार्वती'. त्या एका रफारापायी त्यांचं सरकारी योजनेतलं डोळ्याचं ऑपरेशन अडलं होतं. नावदुरुस्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस.

तेवढ्यात पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. उझ्माने तो मराठीत मोठ्याने वाचला, "ही सामाईक फाईल आता कोणी वापरत नाही असं दिसतं. काढून टाकायची?"

असं दिसतं म्हणे! दिसायला आधी बघावं लागतं. अर्जाचा प्रोग्राम अजून माझ्याच जिवावर चालतो, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण फाईलला तोंड कुठे असतं? उझ्माने बाण 'होय'वर नेला.

"थांब गं लेकरा," पार्वतीबाई म्हणाल्या. "सामाईक हाय म्हणतो ना त्यो? आमची हीर बी सामाईक हाय. थोरला दीर वावर इकून सेनगावला गेला, म्हणून आमी हीर बुजवली काय?"

"पण काकू, कोणीच वापरत न्हाई म्हणून राहिला."

"त्याला काय ठाव? इचारलं का त्यानं समद्यायला?"

उझ्मा थबकली. आसिफने पेन ड्राइव्हवरून टाकलेला अर्जाचा प्रोग्राम तिला आठवला. तिने 'नाही' दाबलं. जुना प्रोग्राम गेला, मी राहिले. मग तिने अर्ज उघडला आणि नाव टाइप केलं. मी सगळं बळ एकवटून रफार चढवला: पार्वती.

पार्वतीबाईंनी छापून आलेला कागद अगदी डोळ्यांजवळ धरला, तरी त्यांना काही दिसेना.

"बराबर हाय का गं?"

"एकदम बराबर, काकू."

मित्रांनो, मी जागा अडवते असं वाटलं तर खुशाल हाकला मला. पण बुजवायच्या आधी विहिरीवर कोण कोण पाणी भरतं, ते विचारा. आणि नोंदीत ज्यांचं नाव नाही, त्यांना आधी विचारा.