फुलांबरोबर आलेली चप्पल

मित्रांनो, मी रोमन लोकांनी बांधलेला एक जुना दगडी पाट आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मी उंच कमानींवरून शहरात नेत असे. तिथे हौदांवर बायका घागरी भरत आणि माझं कौतुक करत. पण खरं सांगतो, मी मुळातच भित्रा.

पाण्यातल्या चुन्याचा माझ्या अंगावर थर बसतो. म्हणून दरवर्षी झऱ्यापाशी फळी टाकून पाणी अडवत आणि थ्रेप्टस नावाचा गुलाम दिवा, छिन्नी घेऊन माझ्या पोटात रांगत शिरे. तो बाहेर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असे.

त्या वर्षी थर जाड होता. काम लांबलं आणि झऱ्यांचा सण आला. लोकांनी रीतीप्रमाणे फुलांच्या माळा माझ्या तोंडात टाकल्या. सणाचे यजमान कुरकुरले, "झऱ्याचा सण आणि पाट कोरडा? प्रार्थना झाली की उचला फळी. थ्रेप्टस कालच बाहेर निघाला असेल."

असेल! मला ओरडायचं होतं. पण दगडाला कुठला आवाज?

फळीच्या फटीतून बोटभर पाणी झिरपत असे. त्याबरोबर पाकळ्या थ्रेप्टसपर्यंत पोचल्या. "वा, मलाच माळ घातली," तो हसला. मग त्याने छिन्नी टाकली. माळा पडल्या म्हणजे प्रार्थना सुरू झाली होती, आणि ती संपली की पाणी सुटणार होतं. तो गुडघे सोलवटत माझ्या छतातल्या जवळच्या झरोक्याखाली आला; त्यातूनच माणसं आत-बाहेर करत. वर त्याची बायको ट्रीफे त्याचं जेवण घेऊन, शेळी चारत, झाकण लावून त्यावरच बसली होती.

"ट्रीफे, झाकण काढ."

"आत्ताच भूक लागली? शेळी पडेल ना आत."

"शेळी गेली खड्ड्यात. पाणी येतंय."

तिकडे फळी उचलली होती; मलाही ते येताना कळत होतं. माझंच पाणी, आणि ते मला थांबवता येत नव्हतं. त्याला मीच बुडवणार या भीतीने मी गारठलो. दिवा विझला. पाणी कमरेला लागलं, तेव्हा ट्रीफेने झाकण सारून त्याला दंडाला धरून वर ओढलं.

शहरात हौदांत फुलं आली म्हणून लोक खूष झाले. फुलांबरोबर एक चप्पलही आली. ती कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

आता मी कोरडा पडलो आहे. तरी कुणी वाकून आत पाहिलं की दचकतो. मित्रांनो, तुमच्या गावाखालीही पाट आहेत, गटारं आहेत, आणि ती साफ करायला माणसं उतरतात. पाणी सोडण्याआधी आत एक हाक मारा. आणि उत्तर येतंय का, म्हणून थोडं थांबा.