भिडूचा हात

"हाऊ कोना बाजूना शे रे, मास्तर?" झुलाल आबांनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं. "मना भिडू शे ना? मंग मना एक्का कसाले कापस तो?"

लालचंद शेठच्या कॉम्प्युटर क्लासात जमलेली मंडळी खो खो हसली. चौऱ्याण्णव साल होतं आणि जळगावात तेव्हा कॉम्प्युटर नुसता बघायलाही गर्दी व्हायची. दिवाळीआधी प्रवेश वाढावेत म्हणून शेठनी क्लासच्या दोन्ही शिक्षकांना, रतिलालला आणि कुंदाला, मेंढीकोट खेळणारा प्रोग्राम लिहायला लावला होता. एक माणूस खेळणार, उरलेल्या तिघांचे पत्ते कॉम्प्युटर टाकणार. पारोळ्याचे आबा लेकीकडे मुक्कामाला आले होते. ते नातीच्या प्रवेशाचं विचारायला आले आणि खेळायलाच बसले.

विरुद्ध बाजूच्या बदाम राणीवर आबांनी एक्का टाकला. हात आपला म्हणून मिशीवरून बोटही फिरवलं. शेवटचं पान त्यांच्या भिडूचं, म्हणजे कॉम्प्युटरचंच. त्याने आबांच्या एक्क्यावर हुकमाचा राजा मारला. घरच्याच हातावर हुकूम वाया गेला, आणि पुढे ज्यांच्यासाठी हा सगळा खेळ असतो त्या मेंढ्या, म्हणजे दश्श्या, विरुद्ध बाजूचे उचलून घेऊन गेले.

"मनी डोकरी बी असं खेळत नही!" आबा म्हणाले.

शेठ हसत नव्हते. दिवाळीनंतर दोघांपैकी एकच शिक्षक ठेवणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"मास्तर, हे कोणी लिहिलं?"

रतिलाल एक्केचाळीस वर्षांचा. धुळ्याची त्याची टायपिंगची शिकवणी बंद पडली, तेव्हा पोरांच्या रांगेत बसून तो कॉम्प्युटर शिकला होता. इथून उठला तर जायला जागा नव्हती.

"खेळायचा भाग कुंदा मॅडमनी लिहिलाय," तो म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कुंदाने लिहिलं होतं ते पत्ते पिसणं आणि पडद्यावर मांडणं, आणि ते अगदी चोख चाललं होतं. खेळातली सगळी जर-तर रतिलालची होती. कुंदाने एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"बघते, शेठ," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने रोजच्यासारख्या दोन्ही कॉम्प्युटरवर खोळी चढवल्या आणि बोदवडच्या गाडीसाठी निघाली. जाताना 'येते, सर' म्हणाली नाही.

रतिलालने आपल्या कॉम्प्युटरची खोळ काढली आणि चूक शोधत बसला. फार शोधावी लागली नाही. हात सध्या कोणाचा आहे, भिडूचा असेल तर कापू नकोस, हे त्याने लिहिलेलं होतंच. पण ते खाली होतं. त्याच्या वरच्या ओळीत होतं, मागितलेला रंग नसेल आणि हुकूम असेल तर कापून मोकळा हो. कॉम्प्युटर वरून खाली वाचतो. तो वरच कापून मोकळा व्हायचा, आणि आपलं कोण हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. रतिलालने खालची ओळ वर नेली. एवढंच काम होतं. पण त्या रिकाम्या खोलीतही कोणाची तरी नजर चुकवावी तसा तो मान खाली घालून बसला.

सकाळी तो आधी खाली, शेठच्या कापडाच्या दुकानात गेला.

"शेठ, ती चूक माझी होती. तो भाग मीच लिहिला होता. मॅडमचा काही संबंध नाही."

शेठ ताग्याची घडी घालत होते. "वाटलंच मला. पण कुंदाबाईला मी काल जाताना सांगून टाकलं, दिवाळीनंतरच कशाला, उद्यापासूनच येऊ नका म्हणून. तीही बरं म्हणून गाडीला गेली." त्यांनी तागा फळीवर ठेवला. "ठेवायचा तर एकालाच आहे, मास्तर. बोला, तिला बोलावतो. तुम्ही जाता?"

रतिलालने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, वेळ आलीच तर 'मी जातो' म्हणायचं, असं वाटेत घोकूनही आला होता. पण त्याने हात पुढे करून फळीवरच्या ताग्याचा काठ नीट केला.

"मग वर जा," शेठ म्हणाले. "आबा येऊन बसलेत."

आबांनी आज पाच-सहा जणांना सोबत आणलं होतं. खेळ रंगला. मध्येच आबांनी एक्का टाकला, आणि शेवटी भिडूने हातातला हुकूम तसाच ठेवून त्यावर चौकटची मेंढी टाकली. आबांनी मांडीवर थाप मारली.

"आते कसा! भिडूना हात शे म्हनीसन सोतानी मेंढी दी टाकी त्यानी! मास्तर, भिडू असा जोयजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रतिलालला मान वर करवेना.

"मास्तर, हाऊ दुसरा चालत नही का?" आबांसोबतच्या एकाने शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "आम्हीन बी खेळतूत."

तो कुंदाचा कॉम्प्युटर होता. काल तिने चारी कोपरे नीट ओढून घातलेली खोळ तशीच होती.

"चालतो," रतिलाल म्हणाला. पण ती खोळ काढायला तो उठला नाही.