एका सीटची गाडी

दुपारी किमयाला मांडीवर घेऊन थोपटायला बसलं की समीक्षाचा उजवा हात आपोआप वेगळीच चाल धरायचा. दोन थापा पाठीवर, आणि तिसरीला मनगट हलकेच मागं पिळायचं, मग सुटायचं. तिचं तिला कळायचंही नाही. किमयाला मात्र त्याच थापटण्याची सवय झाली होती. बापानं कधी सरळ हातानं थोपटलं तर ते चौदा महिन्यांचं पिल्लू टक्क डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहायचं.

ही मनगटाची खोड पेणची होती, माहेरची. समीक्षाच्या घराला लागून कान्हू मेस्त्रींचं गॅरेज होतं आणि त्या गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात एक लाल गाडी उभी असायची. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरनं ती मोठ्या हौसेनं घेतली होती आणि हौस फिटल्यावर मेस्त्रींच्या गळ्यात घातली होती. गाडी इटलीची, त्यामुळे आळीत तिचं नावच इटलीवाली पडलं. पुढं वाकून बसायची, हँडल खाली, इंजिन मांडीला भाजणारं, क्लच असा कडक की बोटं दुखून यावीत. चालू झाली की क्लचमधून खडखड असा आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात वालाचे दाणे हलवावेत तसा. नवख्या माणसाला वाटावं, काहीतरी मोडलं. मेस्त्री म्हणायचे, तो तिचा श्वास आहे. आणि बसायला जागा एकालाच. मागं सीट नव्हतीच, नुसता लाल पत्रा शेपटीसारखा निमुळता होत वर गेलेला.

लग्नाआधीच्या एका थंडीत मेस्त्रींनी तिला ती चालवायला शिकवली. दर रविवारी सकाळी, पेण-खोपोली रस्त्यावर. पुढं लग्न झालं, रोह्याजवळच्या अष्टमीच्या अलीकडच्या गावात ती नांदायला आली, किमया झाली. गाडी राहिली ती मूठ पिळणाऱ्या मनगटात.

आता मेस्त्रींच्या गुडघ्यांनी संप केला होता. गाडी द्यायची ठरवली तेव्हा त्यांनी पहिला फोन समीक्षाला केला. गिऱ्हाईक तयार होतं. अलिबागेकडं बंगला बांधलेला कोणी शेठ दिवाणखान्यात, काचेच्या मागं ती ठेवणार होता. मेस्त्रींच्या ते जिवावर आलं होतं. ते म्हणाले, घरी नेऊन ठेव, घराला मानवते का बघ आणि रविवारी सांग.

पैशापाशी अडत नव्हतं. हायवेत गेलेल्या जमिनीच्या पैशांतला तिचा वाटा वडिलांनी तिच्या नावावर ठेवला होता. नवऱ्यापाशीही अडत नव्हतं. जितेश धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा, स्वतःची साधी गाडी रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालवायचा. मागून ट्रकचा हॉर्न आला की थांबून वाट देणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आणून तर बघू, एवढंच म्हणाला.

चुकलं ते गाडी उतरवताना.

खड्ड्यांत तिची हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून मेस्त्रींनी ती टेम्पोतून पाठवली. टेम्पो दारात थांबला तेव्हा संध्याकाळ होती, शेजारच्या शेतावरून पोपटीच्या मडक्यात भाजणाऱ्या शेंगांचा वास येत होता आणि पोपटीला जमलेली अर्धी वाडी टेम्पोभोवती आली. जितेशनं पुढं होऊन गाडीला हात लावला. शेजारचा निलेश म्हणाला, "जितूशेठ, कंपनीनं तुला विकत घेतलं का तू कंपनी?" सगळे हसले. जितेशही हसला. गाडी कोणाची, कोणासाठी, हे सांगायची ती वेळ होती आणि ती हसण्यात निघून गेली. समीक्षा किमयाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्या तोंडाशी आलेलं तिनं गिळलं.

तेव्हापासून गाडी जितेशची झाली. पोरं जितूदादाची गाडी म्हणून फोटो काढून गेली. रोज तिच्यावर चादर घालायची समीक्षा आणि शाबासकी घ्यायचा जितेश. तो बिचारा खरोखर ओशाळला होता. जेवताना खालच्या आवाजात म्हणाला, सांगणार होतो, पण सगळे बघत होते. समीक्षा म्हणाली, आता नकोच सांगू, परत जाणार आहे ती.

परत पाठवायचं तिनं जवळजवळ ठरवलंच होतं. अंगावर पिणारं पोर, घरात सासू, वाडीत शंभर तोंडं. लोक काय म्हणतील हे कारण तिला बरं होतं, कोणालाही सांगण्यासारखं. खरी भीती तिनं जितेशलाही सांगितली नाही. अंगणात वालाच्या शेंगा उलथताना ती मधेच चादरीखाली हात घालायची, टाकीचा गारवा तळव्याला लागायचा आणि ती हात झटकन मागं घ्यायची. त्या सीटवर बसल्यावर आपल्याला किमया आठवलीच नाही तर?

तिची सासू हौसा ओटीवर बसून शेंगा सोलायची. बोलणं कमी, नजर चौफेर. शनिवारी सकाळी ती ताट घेऊन अंगणात उतरली. हळद, कुंकू, नारळ, दोन लिंबं.

समीक्षा धावत आली. म्हणाली, आई, अजून घेतली नाय, नुसती बघायला आणलीय.

"बघायला गेलेल्या पोरीलाबी कुंकू लावूनच उठतो आपण," हौसा म्हणाली आणि तिनं चाकांखाली लिंबं ठेवली. टाकीवर हळदीची पाच बोटं उठवली. लालावर पिवळी. समीक्षाला एकदम मेस्त्री आठवले. ते त्या टाकीला मऊ फडक्याशिवाय हात लावत नसत. आता ही हळदीची बोटं घेऊन गाडी काचेमागं कशी जाणार?

नारळ फुटला तशी माणसं जमली. हौसानं लेकाला गाडीवर बसायला सांगितलं. जितेश बसला. म्हणजे कमरेतून दुमडून कसाबसा रचला गेला. आता चालू कर, एक फेरी मार, असा गलका झाला. त्यानं चावी फिरवली, चोक ओढला आणि आपल्या साध्या गाडीला करतो तशी मूठ पिळत बटण दाबलं. इटलीवालीला नेमकं तेच खपायचं नाही. थंड असताना मूठ पिळली की ती रुसलीच. पेट्रोलचा वास सुटला. त्यानं पुन्हा पिळली, पुन्हा दाबलं. बटणाचा आवाज बसत चालला.

"पोज देऊन ठेव जितू, आमी ढकलतो," निलेश म्हणाला.

समीक्षाचा हात किमयाच्या पाठीवर होता. एक थाप, दुसरी, आणि मनगट पिळलं. जितेशनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चारचौघांत बायकोकडे मदत मागणारी नजर होती ती आणि ती लपवायचाही त्यानं प्रयत्न केला नाही. तरी समीक्षाचा पाय हलेना. तोंड उघडलं तर नवऱ्याचं हसं होतं, नाही उघडलं तर उद्या रविवार होता, गाडी कायमची जायची.

"दे ती पोरगी इकडं," हौसा म्हणाली.

समीक्षाला कळलं नाही.

"तुझा हात बघते मी, किमया झाली तवापासून. पोरीला निजवतेस का गाडी हाकतेस, तुझं तुला तरी कळतं का गो?" हौसानं नातीला ओढून कडेवर घेतलं आणि लेकाकडे वळली. "ऊठ रं. घाम पुस."

जितेश इतक्या चटकन उतरला की बायका हसल्या. त्यानं स्वतःचं हेल्मेट आणून समीक्षाच्या डोक्यावर ठेवलं, तिच्या हनुवटीखाली पट्टा लावला. तेव्हा मात्र तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी हिची हाय. पहिल्यापासून." हौसानं सुनेची ओढणी काढून आपल्या खांद्यावर टाकली, तिला कुंकू लावलं आणि उरलेल्या हातानं ताट ओवाळलं.

समीक्षानं चोक बंद केला. मूठ अजिबात पिळली नाही. नुसती थांबली. इतके महिने वळवळणारं मनगट त्या खऱ्या मुठीवर गप्प बसलं होतं. मग तिनं बटण दाबलं आणि डब्यात वालाचे दाणे उधळले.

वाडीचा कच्चा रस्ता तिनं जपून काढला. नागोठण्याच्या रस्त्याला लागल्यावर गाडी सोडली. भिसे खिंडीच्या वळणांवर अंग आपोआप कलायला लागलं, आधी डावीकडं, मग उजवीकडं, आणि गाडी मागून ढकलावं तशी वळणातून वर निघाली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. मांडी भाजत होती, मनगटं ठणकत होती आणि तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. घरात डाळ शिजायला ठेवलेली, चादर, शेठ, रविवार. किमयाही नाही. ज्याची भीती होती ते अगदी तसंच झालं, आणि झालं तेव्हा घाबरायला ती तिथं नव्हतीच.

नागोठण्याला आंबा नदीपाशी तिनं गाडी बाजूला घेतली. इथून तसंच पुढं गेलं तर पेण. मेस्त्री दारात खुर्ची टाकून बसलेले असतील, आवाज लांबूनच ओळखतील. तिनं पुन्हा क्लच दाबला. आणि तेवढ्यात छाती दुधानं भरून आली. दोन्हीकडं ओली ऊब पसरली, कुर्त्याला डाग पडले. तिनं घड्याळ पाहिलं नाही. तिकडं किमयाला भूक लागली होती हे तिला कोणी न सांगता समजलं. मघापासून डोक्यात कुठंच नसलेलं पोर अंगात मात्र बसलेलंच होतं. सीट एकाची असली म्हणून काय झालं.

ती रस्त्याच्या कडेला एकटीच हसली आणि थोडी रडलीही. मग गाडी वळवली. इटलीवालीचं हँडल फार वळत नाही, चार वेळा मागं-पुढं करत, पाय टेकत ती वळली. परतताना खिंड सुंदरच होती, पण आता समीक्षाला खिंडीपलीकडचं घर दिसत होतं. आणि घर जवळ आलं तशी पाठीमागं राहिलेली वळणं ओढायला लागली. दोन्हीकडची ओढ एकदमच होती. हे आता असंच राहणार, हे तिला वालाच्या शेतांजवळ येता येता कळून चुकलं.

हौसा ओटीवर बसली होती. माणसं पांगली होती. किमया रडून रडून आजीच्या खांद्यावर हुंदके देत होती. समीक्षानं हेल्मेटही न काढता तिला घेतलं, मग जितेशनं मागून पट्टा सोडवला. पोरगी आईच्या गळ्याला हुंगत राहिली, पेट्रोल आणि धुरळा, आणि मग प्यायला लागली.

"कुठवर गेलीस?" हौसानं विचारलं.

"नागोठण्यापर्यंत."

"एवढंच?"

समीक्षानं वर पाहिलं. हौसा थट्टा करत नव्हती. अंगणातल्या गाडीकडे बघत होती. टाकीवरची हळद वाऱ्यानं उडाली होती, एकाच बोटाची रेघ तेवढी उरली होती.

जितेशला फोन लावायला सांगून समीक्षानं तो कानाशी धरायला लावला, कारण तिचे हात रिकामे नव्हते. पलीकडून मेस्त्रींनी विचारायच्या आतच ती म्हणाली, शेठला नाय म्हणून कळवा, उद्याची वाट बघू नका. मेस्त्री टायरात हवा किती ठेवायची ते सांगत बसले.

हौसा उठून अंगणात गेली. गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या निमुळत्या पत्र्यावर तिनं हात फिरवला.

"हितं बसायला जागा नाय."

"नाय आई. एकाचीच हाय ती."

"म्होरं बसलं की वारा कसा लागतो गो?" हौसा म्हणाली. "सासरी आले ती सायकलवर मागं. मग यांच्या गाडीवर मागं, आता लेकाच्या मागं. मी सगळ्यांच्या पाठीच बघितल्या."

किमया पिता पिता पेंगायला लागली होती. तिच्या पाठीवरचा समीक्षाचा हात थापटत होता आणि ते सासू-सुना दोघींनाही दिसत होतं.

"डोळ्यांत पाणी येतं," समीक्षा म्हणाली. "पण मिटावेसे वाटत नायत."

हौसानं मान हलवली. चादर उचलून तिनं गाडीवर घातली, किमयाला पांघरूण घालावं तशी चारी बाजूंनी खोचली.

"बरं हाय," ती म्हणाली. "एकाचीच असू दे."