राघोमामांचा दोनशे मीटरचा ताका

मित्रांनो, भिवंडीजवळच्या कोन गावातल्या एका खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. अंग पिवळं पडलंय, पंखा घरघरतो. पण मला भीती भंगाराची नाही. माझ्यातून बाहेर गेलेल्या एका पानाची आहे.

२००३ साली भिवंडीच्या दुकानात सुट्ट्या भागांतून मला जोडलं. अनंताने लेकीसाठी टेम्पोतून घरी आणलं. लेक मेघाली, संख्याशास्त्र शिकणारी. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लागलं. मग सहा वर्षं मी राबलो.

२००९ मध्ये यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्याचे मालक केसरीनाथशेट तिला म्हणाले, "कुठल्या लूमवर कापड जास्त खराब निघतं, ते तुझ्या डब्याला विचार."

मेघालीने ‘आर’ नावाच्या फुकट संगणकभाषेत पॅकेज लिहायला घेतलं. पॅकेज म्हणजे गणित करणारा कोड आणि तो कसा वापरायचा हे सांगणारी पानं, एकाच गाठोड्यात. गाठोडं बांधायची मुक्त साधनं तिने माझ्यावर पारखली. एक नुसता सांगाडा द्यायचं: कोड एका फाइलीत, माहिती दुसरीत, दोन्ही हाताने भरा. दुसरं नवं होतं: माहिती कोडच्या डोक्यावरच लिहायची, पान ते स्वतः काढणार. तिसऱ्यात अख्खा अहवाल लिहायचा, मजकुराच्या मध्येच गणितं चालायची. अहवालाला झकास, पॅकेजला अपुरं. मेघालीने पहिलं घेतलं. सवयीचं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

आधी कोड दर ताक्यामागचे, म्हणजे कापडाच्या एका अखंड गुंडाळीमागचे, दोष मोजायचा. मग तिच्या लक्षात आलं, सगळे ताके सारख्या लांबीचे नसतात. तिने कोड बदलला: आता दर शंभर मीटरमागचे दोष द्यायचे, पाचाच्या वर गेले की लूम लाल, म्हणजे खराब. माहितीचं पान मात्र तसंच राहिलं: दर ताक्याचे दोष भरा. तपासणीचं साधन चालवलं, तर त्याने कोडमधली आणि पानातली नावं जुळवली आणि सगळं ठीक म्हणून सांगितलं. अर्थ त्याला कुठून कळणार? मला दिसत होतं. पण मला तोंड नाही. पॅकेजची सीडी कारखान्यात गेली आणि माझा थरकाप सुरू झाला.

आठवड्याने दुपारी मेघालीचे मामा राघो, त्याच कारखान्यात लूम चालवणारे, दारात उभे राहिले. हातात छापील कागद.

"पोरी, तुझ्या डब्यानं माझा लूम लाल केला. शेट मला म्हनतो, पाच वाजता दुसरा मानूस येतोय, तू घरी बस."

"मामा, मशीन खोटं नाही बोलत."

हे ऐकून मी बंद पडलो असतो तर बरं झालं असतं.

"न्हाय बोलत? अगं, माझा ताका दोनशे मीटरचा हाय, बाकीच्यांचा शंभरचा. दोनशेत आठ म्हंजे शंभरात किती? तू शिकलीस, तूच सांग."

"चार," ती म्हणाली.  तिने कोड आणि पान शेजारी शेजारी उघडले. कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या मेहतांनी पानात वाचलं तसंच केलं होतं: दर ताक्याचे आठ भरले होते.

"मामा, चूक माझी आहे. पान मी बदललं नाही."

"मंग आता बदल ना! रडतेस कशाला?"

लोडशेडिंगमुळे चारला लाइट जाणार होती. साडेतीन झाले होते. माझी डिस्क करकरत होती. आत्ता मेलो तर मामांची रोजी माझ्याबरोबर जाईल, या भीतीने मी एकेक अक्षर धरून ठेवलं. या वेळी तिने दुसरं साधन घेतलं. माहिती कोडच्या डोक्यावर लिहिली, आणि ताक्याची लांबी घेऊन भागाकारही कोडनेच करायचा, असं केलं. खाली उदाहरण घातलं: दोनशे मीटर, आठ दोष, उत्तर चार; चार आलं नाही तर तपासणी तिथेच थांबेल. चार आलं. पेनड्राइव्ह घेऊन दोघं धावले, आणि लाइट गेली.

मामांचा लूम वाचला. शेटसमोर मेघालीने स्वतःची चूक कबूल केली, हेही तिने घरी सांगितलं. पण मेहतांनी त्या जुन्या सीडीच्या दोन प्रती काढल्या होत्या. एक परत आली. दुसरी वडपे गावातल्या कुणीतरी नेली, कोण ते त्यांना आठवत नाही.

मित्रांनो, कोडला हात लावलात तर त्याच हाताने पानालाही लावा. आळस तुमचा असतो, घरी दुसराच बसतो. ती सीडी अजून कुठल्यातरी डब्यात फिरते आहे, आणि तिथे कुणाचा तरी ताका दोनशे मीटरचा असेल.