सॅन्टनचा अंगठा

कार्मिन पाचूबंदरची, कोळ्याची पोर. ती बारावीत असताना बोटीवरच्या दोराचा वेढा पडून तिच्या बाबाचा, सॅन्टनचा, डावा पाय घोट्यापासून तुटला. तेव्हाच पोरीने मनाशी घेतलं, बाबाला पाय करून द्यायचा. लोक म्हणाले, मग डॉक्टर हो की! पण हिला पाय कापायचे नव्हते, करायचे होते. ती बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गेली आणि पुढे मुंबईत होस्टेलवर राहून पीएचडीला लागली. तिची आई जुलियाना शेजारणींना सांगायची, आमची पोर पायाचं शिकते. याहून सोपं करून कोण सांगणार?

२००५ साली पाय तयार झाला. रबराचा, हलका, पाच बोटं कोरलेली. आता कोणीतरी तो सहा महिने रोज वापरायचा, की प्रबंध पुरा. कोणीतरी म्हणजे कोण, हे काय विचारायचं! रविवारी चर्चमध्ये मिस्साला सॅन्टन काठीवाचून ऐटीत चालायचा. रोज किती तास घालतोस, विचारलं की म्हणायचा, आठ. कार्मिन वहीत आठ लिहायची.

चौथ्या महिन्यात एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने तळव्याची जाडी मोजली. बघते तर काय, तळवा जेमतेम झिजलेला. मिस्सापुरता. तिचं डोकंच फिरलं. चार महिन्यांची वही खोटी, आणि थाप मारणारा जन्मदाता! ती तशीच होस्टेलवर परतली, पण मंगळवारी न सांगता किनाऱ्यावर येऊन उभी राहिली.

बाकीचे कोळी सावलीत घोळक्याने जाळी सांधत होते. सॅन्टन लांब एकटाच, भिंतीतल्या खिळ्याला जाळं अडकवून बसलेला. ओढलं की जाळं सुटायचं, तो पुन्हा अडकवायचा. एकेकाळी बंदरातलं सगळ्यात फाटकं जाळं लोक त्याच्याकडेच आणायचे. कार्मिनने केलेला पाय घरी कपाटात, टॉवेलात गुंडाळलेला होता.

भांडायला आलेली कार्मिन त्याच्याजवळ जाऊन बसली. लहानपणी ती याच बाबाशेजारी बसून जाळ्याच्या सुईत दोरा भरायची, आणि जाळं ताणलेलं असायचं त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात. अख्खं पाचूबंदर तसंच सांधतं; उजव्या पायात धरलं तर जाळं सुईच्या हाताला आडवं येतं. तिने पाय केला तो चालायला. कोळी बसूनही पायाने काम करतो, हे कोळ्याच्याच पोरीच्या ध्यानात राहिलं नाही. बोटं तिने नुसती शोभेला कोरली होती.

"सांगितलं का नाहीस, बाबा?"

"नऊ वर्सं शिकलीस त्याच्यापायी," सॅन्टन म्हणाला. "तुला काय सांगू, अंगठा ऱ्हायला म्हनून?"

तिने पीएचडीच्या सरांना सगळं खरं सांगितलं. वर्ष वाया जाणार होतं, जाऊ दे म्हणाली. वालीवच्या एका कारखान्यात नवा साचा करून घेतला, अंगठा सुटा असलेला. पहिला अंगठा मुळातून चिरला. दुसऱ्यातून जाळं निसटायचं. तिसऱ्यात तिने आत नायलॉनचा दोर घातला.

तो पाय चढवून सॅन्टन घोळक्यात जाऊन बसला. जाळं अंगठ्यात अडकवलं, जोराने ओढलं. धरलं की हो! कार्मिनचे डोळे भरून आले. शेजारच्या डॉमनिकने आपलं फाटकं जाळं उचलून त्याच्यापुढे टाकलं.

कार्मिनने वेळ लिहायला वही उघडली.

"ती वही ठेव," सॅन्टन म्हणाला. "सुई भर आधी."