शिपाई परत गेल्यावर

"गंगाराम, परत वाच," मुसा म्हणाला.

मांडवीतल्या चहाच्या दुकानात गंगारामने पेपरातली बातमी पुन्हा वाचली. अमेरिकेच्या दक्षिणेत नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत निघाली होती. जमाव अंगावर धावून आला, म्हणून सरकारने लष्कर पाठवलं होतं.

"लष्कर आला ना? मग भ्यायचा कशाला?" गंगाराम म्हणाला.

"शिपाय परत जातत रे. मग खरा सुरू होतो."

मुसाने अर्धं आयुष्य बोटीच्या भट्टीत कोळसा मारला होता. तरुणपणी तिकडच्या चार्ल्स्टन बंदरात तो नकळत ट्राममध्ये गोऱ्यांच्या बाकावर बसला. चौघांनी त्याला खाली ओढून तुडवलं. सॅम नावाच्या म्हाताऱ्या काळ्या हमालाने त्याला गोदामात नेऊन जखमा धुतल्या. गुलामी संपवणाऱ्या यादवीनंतर सॅमच्या लहानपणच्या शाळेवरही असाच शिपायांचा पहारा होता. शिपाई परत गेले आणि त्याच आठवड्यात गोऱ्यांनी शाळा पेटवली. मत टाकलं म्हणून त्याच्या बापालाही ठार मारलं. सांगताना सॅम रडला नव्हता, तेच मुसाच्या लक्षात राहिलं होतं.

आणि आता अली, मुसाचा एकुलता मुलगा, खलाशी होऊन त्याच बंदराकडे निघाला होता.

मुसाने बायकोला, मरियमला, काही सांगितलं नाही. पण ताटातला भात तसाच राहू लागला, रात्री ओटीवर त्याच्या फेऱ्या चालत.

डिसेंबरात मुंबईची बोट मांडवीला लागली. होडीतून अली उतरला. मुसाने धक्क्यावरच त्याचं डोकं, खांदे, हात चाचपून पाहिले.

"काय बघतोस बावा?"

"कोणी मारला नाय ना तुला?"

"नाय. आणि तिथले हमाल तर रोज रेडिओला कान लावून. पोरां आज पण शाळेत गेली, म्हणत आणि हसत."

"शिपाय गेले?"

"मी निघालो तेव्हा होते."

दुसऱ्या दिवशी गंगारामच आपणहून घरी आला. "मुसाभाय, लष्कर परत गेला. थोडा पहारा हाय."

मुसा उठून उभा राहिला. "शाळा?"

"उभी हाय. पोरां जातत."

"सगळी?"

"सगळी नऊ."

मुसा खाली बसला. थोड्या वेळाने त्याने मरियमकडे भात मागितला आणि कालवण दोनदा वाढून घेतलं. मग ओटीवर आडवा झाला तो घोरायलाच लागला.

"भरदुपारी झोपला? बरा नाय काय?" अलीने विचारलं.

"गप. झोपू दे त्यांना," मरियम म्हणाली.

ऊन सरकत मुसाच्या तोंडावर आलं, तशी तिने दोरीवर आपली ओली ओढणी पसरली आणि सावली नीट पडली की नाही, ते वाकून पाहिलं.